फडफडणारा पंख हरला कुठे, जिंकला कुठे?

उत्तर अटलांटिकमधील फेरो बेटांच्या डोंगरांमधून वाहणाऱ्या वेस्टमन्ना सामुद्रधुनीत फेब्रुवारी २०२४ मध्ये 'मिनेस्टो' या स्वीडिश कंपनीने एक अजस्र 'पतंग' पाण्याखाली सोडला. १२ मीटर रुंद आणि २८ टन वजनाच्या या पतंगाचे नाव 'ड्रॅगन १२'. समुद्रतळाशी दोराने बांधलेला हा पंख भरती-ओहोटीच्या प्रवाहात इंग्रजी आठच्या आकड्यासारखे फेरे घेतो आणि त्याच्या अंगावर बसवलेली चक्री वीजनिर्मिती करते. १.२ मेगावॉट क्षमतेच्या या यंत्राची वीज तिथल्या जाळ्यात जाऊ लागली, तेव्हा 'निसर्गाकडून शिकलेले तंत्रज्ञान' म्हणून त्याचे कौतुक झाले. ते रास्तच होते. मात्र या कौतुकात एक गोष्ट नजरेआड झाली. 'ड्रॅगन'चा पंख उडतो, पण फडफडत नाही. वीज अखेर चक्रीच तयार करते. पक्ष्यासारखा वर-खाली होणारा किंवा माशाच्या शेपटीसारखा डोलणारा पंख वापरून थेट ऊर्जा काढण्याचे स्वप्न त्याहून जुने आहे. गेल्या चार दशकांत त्यावर विद्यापीठांतून गंभीर संशोधन झाले, सरकारांनी पैसा ओतला, समुद्रात यंत्रे उतरली. तरीही आज जगातील कोणत्याही वीजजाळ्यात फडफडत्या पंखाच्या विजेला दखल घ्यावी एवढाही वाटा नाही. हे असे का झाले, याचा शोध घेण्यासारखा आहे. कारण समुद्रातील ऊर्जेवर आपणही पैसा खर्च करू पाहत आहोत.

पंखाच्या बाजूने असलेला युक्तिवाद प्रथम पाहू. वाहत्या हवेतील वा पाण्यातील ऊर्जा वेगाच्या घनाने वाढते आणि पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन आहे. सेकंदाला दोन मीटर, म्हणजे माणसाच्या भरभर चालण्याच्या वेगाने वाहणाऱ्या पाण्यात दर चौरस मीटरमागे सुमारे चार किलोवॉट शक्ती असते. वाऱ्यातून तेवढीच शक्ती मिळवायची तर तो ताशी सत्तरएक किलोमीटरने वाहायला हवा. अर्थात ही सगळी शक्ती काढून घेता येत नाही. घेतली तर यंत्रामागे पाणी थिजून उभे राहील आणि पुढचे पाणी बाजूने निघून जाईल. यंत्राने अडवलेल्या क्षेत्रातील जास्तीत जास्त ५९.३ टक्के शक्तीच काढता येते, हा हिशेब जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी मांडला, त्याला शतक उलटून गेले. चांगली पवनचक्की अनुकूल वाऱ्यात ४५ टक्क्यांच्या आसपास किंवा थोडी वर पोहोचते. ही मर्यादा पंखालाही लागू आहे. निसर्गाची नक्कल केली म्हणून त्यातून सूट मिळत नाही.

मुळात 'नक्कल' हा शब्दच इथे फसवा आहे. पक्षी किंवा मासा पंख हलवतो तो ऊर्जा खर्च करून. त्याने हवा किंवा पाणी मागे ढकलले जाते आणि तो पुढे जातो. ऊर्जा काढणाऱ्या यंत्रात हे सगळे उलटे हवे. प्रवाहाने पंखाला ढकलावे आणि पंखाने त्या ढकलण्यातून जनित्र फिरवावे. दोहोंतला फरक कोनाचा आहे. पंख वर जात असताना तो प्रवाहाशी इतका तिरपा धरावा लागतो की पाण्याचा दाबही त्याला वरच ढकलेल. टोकाला पोहोचताच तो झटकन उलटा फिरवायचा, म्हणजे परतीच्या वाटेवरही प्रवाहाची साथ मिळते. वल्हे मारणारा नावाडी दर फटक्याला मनगट फिरवतो, तसे हे आहे. फक्त इथे वल्ह्याने नावाड्याला फिरवायचे आहे.

निसर्गात याचा एक विलक्षण दाखला आहे. प्रवाहात उभ्या केलेल्या खांबामागे पाण्याचे भोवरे एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे सुटत राहतात. त्या भोवऱ्यांत ट्राउट मासा अगदी थोड्या श्रमात जागा धरून राहतो, हे ठाऊक होते. अमेरिकी संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नुकताच मेलेला ट्राउट त्या जागी ठेवला, तेव्हा तोही भोवऱ्यांच्या तालावर डोलू लागला आणि प्रवाहाच्या विरुद्ध खांबाकडे सरकला! त्याच्या स्नायूंत काहीच उरले नव्हते. ऊर्जा आली ती पाण्यातून. फडफडत्या पंखाने वाहत्या पाण्यातून शक्ती काढता येते, याचा याहून बोलका पुरावा कोणता? या मेलेल्या माशाने पाण्याची ऊर्जा कशासाठी वापरली, हे मात्र वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचा संदर्भ येणार आहे.

यंत्राच्या बाजूने पहिला नोंद घेण्याजोगा प्रयत्न कॅनडात झाला. टोरंटो विद्यापीठातील विल्यम मॅककिनी आणि जेम्स डीलॉरियर यांनी १९८१ मध्ये 'विंगमिल' नावाच्या डोलत्या पंखाच्या पवनचक्कीचे प्रयोग प्रसिद्ध केले. डीलॉरियर हे पंख फडफडवून उडणाऱ्या विमानाच्या ध्यासाने पुढे प्रसिद्धी पावले. त्यांच्या छोट्या प्रारूपाने वाऱ्यातील सुमारे २८ टक्के शक्ती काढली. पहिल्याच प्रयत्नाच्या मानाने हे यश लहान नव्हते. मग क्यूबेकच्या लावाल विद्यापीठात थॉमस किन्से आणि गी द्युमा यांनी संगणकावर पंखाच्या हालचालींचे शेकडो पर्याय तपासले. २००८ मध्ये त्यांनी दाखवले की पंख सुमारे ७५ अंशांपर्यंत तिरपा फिरवला, तर ३४ टक्क्यांपर्यंत मजल मारता येते. विमानाच्या पंखाला एवढा तिरपा धरला तर विमान कोसळेल. इथे मात्र पंखाच्या पुढच्या कडेवरून सुटणारा भोवरा नेमक्या क्षणी पंखाला ढकलतो, म्हणजे विमानाचा शत्रू येथे मित्र ठरतो. याच गटाने दोन पंखांचे दोन किलोवॉटचे यंत्र नौकेला जोडून तलावात ओढले आणि २०११ मध्ये ४० टक्के कार्यक्षमतेचा निष्कर्ष जाहीर केला. चक्रीच्या इतक्या जवळ आलेले हे आकडे पाहता पंखाला कमअस्सल म्हणण्याची सोय उरत नाही.

शिवाय पंखाकडे एक हुकमाचा पत्ता आहे, तो म्हणजे आकार. चक्रीचे पाते वर्तुळ झाडते. दहा मीटर खोल खाडीत फार तर सहा मीटर व्यासाची चक्री सुरक्षित बसेल आणि तिच्या वाट्याला २८ चौरस मीटर क्षेत्र येईल. आडवा पंख वर-खाली होताना आयत झाडतो. त्याच खाडीत ३० मीटर रुंदीचा पंख सहा मीटर वर-खाली झाला, तर १८० चौरस मीटर क्षेत्र हाती लागते. नद्यांची मुखे, खाड्या, मोठे कालवे हे सगळे उथळ आणि रुंद. वेगवान आणि खोल सामुद्रधुनी जगात मोजक्याच; संथ आणि उथळ पाणी सर्वत्र आहे.

मग घोडे अडले कुठे? याचे उत्तर स्कॉटलंडच्या उत्तरेस शेटलंड बेटांजवळील येल साउंडच्या तळाशी मिळते. नॉर्थम्बरलंडमधील 'द इंजिनिअरिंग बिझनेस' या कंपनीने २००२ मध्ये तिथे 'स्टिंगरे' नावाचे १५० किलोवॉट क्षमतेचे यंत्र उतरवले. ब्रिटनच्या व्यापार व उद्योग खात्याचे त्याला अर्थसाह्य होते. एका लांब भुजेच्या टोकाला भलामोठा जलपंख. प्रवाहाने तो वर-खाली झाला की भुजा हलणार, भुजेने हायड्रॉलिक दट्ट्ये दाबले जाणार, दट्ट्यांतील तेल मोटर फिरवणार आणि मोटर जनित्र. २००३ मध्ये सुधारणा करून ते पुन्हा उतरवण्यात आले. यंत्र चालले. कल्पना खोटी ठरली असे कोणी म्हणू शकत नाही. पण त्याचे वजन होते १८० टन! म्हणजे एका किलोवॉटमागे एक टनाहून अधिक लोखंड. 'ड्रॅगन १२'मध्ये हेच प्रमाण किलोवॉटमागे तेवीस-चोवीस किलो पडते. ही तुलना सर्वस्वी न्याय्य नाही, हे मान्य केले पाहिजे. 'स्टिंगरे' स्वतःच्या वजनावर तळाशी बसणारे होते आणि पतंगाच्या वजनात त्याचा तळाशी असलेला आधार धरलेला नाही. दोहोंमध्ये वीस वर्षांचे अंतरही आहे. तरीही फरक इतका मोठा आहे की तो आधाराच्या खात्यावर टाकून मोकळे होता येत नाही.

या वजनाचे मूळ फडफडण्यातच आहे. चक्री एकाच दिशेने फिरत राहते. पंखाला मात्र प्रत्येक फेरीत दोनदा थांबावे लागते, उलटे व्हावे लागते आणि पुन्हा वेग घ्यावा लागतो. त्या दोन टोकांना वीज शून्य. एवढा मोठा पंख आणि त्याला चिकटून हलणारे पाणी थोपवायचे आणि परत फिरवायचे, तर त्यासाठी लागणारी ताकद भुजेत, सांध्यांत, दट्ट्यांत घालावी लागते. दर बारा सेकंदांनी एक फेरी धरली आणि भरती-ओहोटीमधला निवांत काळ वगळला, तरी वर्षाला वीसेक लाख फेऱ्या होतात आणि प्रत्येकीत सांध्यावरचा भार उलटतो. तार एकदा वाकवली तर तुटत नाही, पण उलटसुलट वाकवत राहिल्यास तुटते, हे लहान मुलालाही माहीत असते. खाऱ्या पाण्यात, जिथे दुरुस्तीसाठी जहाज भाड्याने घ्यावे लागते आणि हवामान निवळण्याची वाट पाहावी लागते, तिथे प्रत्येक सांधा हा खर्चाचा खड्डा ठरतो. त्यात पंखातून दट्ट्यात, दट्ट्यातून तेलात, तेलातून मोटरीत, मोटरीतून जनित्रात अशा प्रवासात प्रत्येक टप्प्यावर काही शक्ती गळते. प्रयोगशाळेतील ४० टक्के हे पंखाच्या टोकाशी मोजलेले असतात. ग्राहकाच्या मीटरपाशी त्यातले किती उरतात, हा प्रश्न संशोधन निबंधांत क्वचितच विचारला जातो.

उथळ पाण्याच्या हुकमाच्या पत्त्याचेही पुढे काय झाले? इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर हंबर नदीच्या मुखाशी 'पल्स टायडल' या कंपनीने २००९ मध्ये १०० किलोवॉटचे यंत्र बसवले. दोन आडवे पंख, वर-खाली होणारे, आणि वीज जवळच्या रसायन कारखान्याला. उथळ, रुंद, गढूळ पाण्याची ही जागा म्हणजे पंखासाठी जणू मांडलेले पाटपाणीच. परंतु १.२ मेगावॉटचा पुढचा टप्पा युरोपीय महासंघाचे अनुदान मंजूर होऊनही कधी पाण्यात उतरला नाही. दरम्यान चक्रीवाले थांबले नव्हते. उत्तर आयर्लंडमध्ये २००८ मध्ये दोन चक्र्यांचे 'सीजेन' उभे राहिले, तेही १.२ मेगावॉटचेच. स्कॉटलंडच्या पेंटलंड सामुद्रधुनीतील 'मेजेन' प्रकल्पाच्या दीड मेगावॉटच्या चार चक्र्यांनी २०२३ पर्यंत पाच कोटी युनिट वीज दिली. पवनचक्क्यांच्या प्रचंड उद्योगाने पाती, बेअरिंग, गिअरपेट्या, जनित्रे यांची बाजारपेठ तयार करून ठेवली होती आणि पाण्यातल्या चक्रीला त्या शिदोरीवर जगता आले. पंखाला प्रत्येक सुटा भाग नव्याने घडवावा लागला. शास्त्रज्ञांच्या लढाईत जवळपास बरोबरीत सुटलेला पंख कारखानदारांच्या लढाईत हरला, तो असा.

गोष्ट इथेच संपली असती, तर हा लेख लिहिण्याचे फारसे कारण नव्हते. पण मेलेल्या ट्राउटकडे पुन्हा वळू. त्याने पाण्यातून काढलेल्या ऊर्जेची वीज केली नाही. तो फक्त पुढे सरकला.

हेच सूत्र माणसाला १८९५ मध्ये सापडले होते. इटलीतील नेपल्स येथील प्राणिशास्त्र केंद्रातील हर्मन लिंडेन यांनी लहानशा होडीला पाण्याखाली पोलादी पट्ट्यांचे लवचिक पंख बसवले. लाटेने होडी वर-खाली झाली की पंख वाकत आणि होडी पुढे जाई. तीही लाटांच्या विरुद्ध दिशेने. मग शंभराहून अधिक वर्षांनी, मार्च २००८ मध्ये, जपानचे विख्यात दर्यावर्दी केनिची होरिए वयाच्या ६९व्या वर्षी होनोलुलूहून एकटेच निघाले. त्यांच्या 'सन्टोरी मर्मेड टू' या नौकेच्या नाळेखाली दोन पंख होते आणि पुढे नेण्याचे सर्व काम लाटांवर सोपवलेले होते. जुलैच्या आरंभी ते जपानच्या किनाऱ्याला लागले. सुमारे सात हजार किलोमीटरच्या या प्रवासाला साडेतीन महिने लागले; माणूस चालत गेला असता तरी याहून फार मागे पडला नसता. उपहास करायचा तर यात पुरेसे साहित्य आहे. पण या नौकेने पुढे जाण्यासाठी तेलाचा थेंबही जाळला नाही आणि लाटा थकत नाहीत.

जिथे घाई नाही आणि माणूसही नाही, तिथे हा संथपणा दोष राहत नाही. अमेरिकेतील 'लिक्विड रोबोटिक्स' कंपनीने नेमके हेच हेरले. मुळात हवाईच्या समुद्रात हंपबॅक देवमाशांचे गाणे ध्वनिमुद्रित करण्यासाठी एका जागी तरंगत राहील असे काहीतरी हवे होते. त्या हौसेतून 'वेव्ह ग्लायडर' जन्मला. पृष्ठभागावर एक फळीवजा तरंगती नौका, तिला काही मीटर लांबीच्या दोराने टांगलेली पंखांची चौकट. पृष्ठभागावर लाटेचा जोर असतो, खाली पाणी तुलनेने स्वस्थ. लाटेने नौका उचलली की चौकट वर ओढली जाते आणि पंख एका बाजूला कलून तिला पुढे ढकलतात. लाट ओसरली की चौकट आपल्या वजनाने खाली येते, पंख उलट कलतात आणि पुन्हा पुढेच ढकलतात. दट्ट्या नाही, तेल नाही, पंख उलटवायला मोटर नाही. मोजमापाची उपकरणे आणि दूरसंचार यांच्यासाठी लागणारी थोडीशी वीज वरच्या सौर पट्ट्या देतात. स्वतःच्या पंखांनी वीज तयार करण्याच्या भानगडीत हे यंत्र पडतच नाही, आणि त्याच्या यशाचे रहस्य माझ्या मते याच संयमात आहे. नोव्हेंबर २०११ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून सोडलेल्या अशा चार यंत्रांपैकी 'पापा मौ' हे २०१२ अखेरीस ऑस्ट्रेलियात पोहोचले. अंतर सुमारे १६,६०० किलोमीटर. २०१६ च्या डिसेंबरमध्ये 'बोइंग'ने ही कंपनी विकत घेतली. फेरो बेटांवर प्रवासी वाहणाऱ्या 'टाइस्टिन' या फेरीबोटीच्या नाळेला २०१९ मध्ये 'वेव्हफॉइल' या नॉर्वेजियन कंपनीचे आत ओढून घेता येणारे पंख बसले. हेलकावे कमी करायचे आणि लाटेकडून थोडा रेटा फुकट घ्यायचा, हा त्यामागचा विचार. एकाच पंखाचा एकीकडे पराभव आणि दुसरीकडे यश, ते पंखाच्या गुणावगुणांमुळे नाही. ऊर्जा ज्या रूपात येते, त्याच रूपात वापरली की मधली सगळी गळती वाचते.

आता आपल्याकडे पाहू. भारतात भरती-ओहोटीपासून १२,४५५ मेगावॉट आणि लाटांपासून सुमारे ४१ हजार मेगावॉट मिळू शकतील, असा अंदाज सरकारी कागदपत्रांत वर्षानुवर्षे दिला जातो. त्यातल्या भरती-ओहोटीच्या ऊर्जेत मोठा वाटा खंबातच्या आखाताचा. प्रत्यक्षात व्यापारी वीज शून्य. केरळातील विळिंजम येथे १९९१ मध्ये लाटांवर चालणारे १५० किलोवॉटचे प्रायोगिक केंद्र उभे राहिले. ते पंखाचे नव्हते, लाटांनी दाबलेल्या हवेवर चालणारे होते. तो प्रयोग प्रयोगच राहिला. सुंदरबनातील दुर्गादुआनी येथील पावणेचार मेगावॉटच्या प्रकल्पाचा खर्च २३८ कोटींवर गेला, म्हणजे मेगावॉटमागे ६३ कोटींहून अधिक. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, तो हा प्रकार. तो सोडून द्यावा लागला. कच्छच्या आखातातील ५० मेगावॉटचा प्रकल्प २०११ मध्ये गाजावाजा करून जाहीर झाला. त्याचीही तीच गत झाली. ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्राने समुद्री ऊर्जेला अक्षय्य ऊर्जेचा दर्जा देऊन वीज कंपन्यांच्या सक्तीच्या खरेदीत जागा करून दिली. पण सौर वीज जिथे काही रुपयांत युनिट मिळते, तिथे मेगावॉटचे हे स्वप्न किती काळ जपायचे? चक्रीला जे साधले नाही ते पंखाच्या जोरावर साधेल, अशी आशा कोणी दाखवलीच तर 'स्टिंगरे'चे वजन आणि 'पल्स'चा दुसरा टप्पा यांची आठवण द्यावी लागेल.

याउलट समुद्रावरील नजर ही आपली खरी निकड आहे. जून २०२० मध्ये 'निसर्ग' चक्रीवादळाने रायगडच्या किनाऱ्याची दैना केली. मे २०२१ मध्ये 'तौक्ते'च्या तडाख्यात मुंबईजवळच्या समुद्रात 'पी-३०५' ही तराफानौका बुडून अनेकांचा बळी गेला. अरबी समुद्राचे पाणी तापत चालले आहे आणि वादळे कमी वेळात उग्र रूप धारण करत आहेत, हे हवामानशास्त्रज्ञ सांगत आहेत. वादळ किती जोर धरणार, हे त्याच्या वाटेवरील पाणी किती खोलवर तापले आहे यावर ठरते. ती मोजणी उपग्रहाला वरून नीट करता येत नाही, तिथे पाण्यातच उपकरण हवे. चेन्नईची राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्था नांगरलेल्या तरंगत्या बोयांच्या साह्याने अशी निरीक्षणे घेते. पण बोया एका जागी असते, ती वादळाच्या वाटेवर जाऊ शकत नाही, आणि मासेमारीच्या वावरात तिची मोडतोड होते ही जुनी तक्रार आहे. लाटांवर चालणारे यंत्र हवे तिथे धाडता येते, महिनोन्महिने ठेवता येते. २०१२ मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर 'सँडी' वादळ आदळले, तेव्हा न्यूजर्सीजवळ असलेले एक 'वेव्ह ग्लायडर' त्यातून सुखरूप राहून निरीक्षणे पाठवत होते. आणि अरबी समुद्राच्या पावसाळी लाटा, ज्यांच्यामुळे आपल्या मच्छीमारांच्या होड्या दोन महिने किनाऱ्यावर ओढून ठेवाव्या लागतात, त्याच या पंखांचे खाद्य आहेत.

या दिशेने एक पाऊल पडले आहे, पण ते हवामान खात्याच्या दारातून आलेले नाही. सप्टेंबर २०२४ मधील भारत-अमेरिका संयुक्त निवेदनात 'लिक्विड रोबोटिक्स' आणि पुण्याची 'सागर डिफेन्स इंजिनिअरिंग' यांच्यातील सहकार्याचा उल्लेख आहे. मानवरहित नौकांचा संयुक्त विकास आणि उत्पादन हा त्याचा विषय असून पाण्याखालील हालचालींवर पाळत हा उद्देश आहे. संरक्षण खात्याकडे निधी असतो आणि निकडही, म्हणून नवे तंत्र आधी तिथे येते, हे जगभरचे चित्र आहे. परंतु पाणबुड्यांचा मागोवा घेणाऱ्या नौकेवर पाण्याचे तापमान, क्षारता आणि लाटांची उंची मोजणारी उपकरणे बसवायला फारशी जागा लागत नाही. ती निरीक्षणे हैदराबादच्या सागरी माहिती केंद्राला आणि हवामान विभागाला मिळणार की गोपनीयतेच्या शिक्क्याखाली बंद होणार, हे करार करतानाच ठरवून घ्यावे लागेल. भूविज्ञान मंत्रालयाने त्यासाठी संरक्षण मंत्रालयाशी बोलणी सुरू केली पाहिजेत. नौका पाण्यात उतरल्यावर ती मागणी करण्यात अर्थ उरणार नाही.